बोलू द्या तिला

भोकरदनहून जालन्याला येणाऱ्या एसटीत तो आमच्या पुढच्या सीटवर होता. शिलाई मशीनचं जुनं चाक त्याने मांडीवर घट्ट धरलं होतं. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

माझी मैत्रीण सुशीला शेजारी बसली होती. तिची मुलगी तापाने जाऊन महिना झाला होता. "शेवटी तिनं पाणी मागितलं गं," ती पुन्हा म्हणाली. "डॉक्टर नको म्हणाले, म्हणून मी..."

"देवाची योजना असते," मी तिला मध्येच तोडलं आणि बायबलमधलं आणखी एक वचन ऐकवलं.

तो गर्रकन वळला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"बाई, मघापासून ऐकून राह्यलो. तुम्ही तिला बोलूच देत न्हाई. शास्त्र पाठ हाये ना तुम्हाला? लेकरं गेलेल्या माणसाजवळ त्याचे दोस्त सात दिवस गप बसले, तवर बराबर व्हतं. मंग ते शिकवाय लागले, अन् देव त्यांच्यावरच चिडला. हे न्हाई वाचलं?"

मी संतापले. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तो माझ्याकडे पाहतच नव्हता.

"पाणी मागितलं तिनं," तो सुशीलाला म्हणाला. "मंग? सांग, माय."

ती सांगू लागली. राजूरला कंडक्टर म्हणाला, "मामा, तुमचा स्टॉप आला." त्याने हातानेच कंडक्टरला गप केलं आणि जालन्यापर्यंत तसाच मान वळवून ऐकत राहिला.

महिनाभर मी रोज सुशीलाच्या घरी जात होते. पाणी मिळालं नाही तेव्हा तिची लेक "राहू दे, आई" म्हणाली होती, हे मला त्या एसटीत कळलं. त्याच्यावरचा राग कधीच गेला. स्वतःवरचा अजून जात नाही.