आतल्या खोलीची बाटली

दवाखान्याच्या पायरीवर नर्सबाईनं माझ्या पायांवर फिनेल ओतलं, तेव्हा मला कळा सुरू होत्या.

पाण्यात कालवलेलं नव्हतं. डब्यातून थेट. माझ्या पायांना भेगा होत्या, किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या बायकांच्या पायांना असतात तशा. फिनेल भेगांत शिरलं. मी ओरडले.

"ओरडू नकोस," नर्सबाई म्हणाली. "मासळीचा वास गेल्याशिवाय आत घेणार नाही."

सासू माझा दंड धरून उभी होती. माझ्या कानाशी म्हणाली, "गप रव गो. गरज आपली आसा."

पहिलटकरीण होते. कळ आली की भिंत धरायची. तेवढ्यात बाजारातल्या सावकाराची सून बैलगाडीतून उतरली. तिचेही दिवस भरलेले. वहाणांना शेण लागलेलं. नर्सबाईनं तिला हात देऊन आत नेलं. वहाणांसकट. तिच्या पायांकडे कुणी पाहिलं नाही.

सावकाराच्या घरी मासळी आम्हा गाबितांचीच जायची. डॉक्टरांच्या घरीही. मागच्या दारानं. सुरमय ताजी असली की डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर यायच्या, कल्ले उचलून बघायच्या. तिथे आमचा वास येत नसे.

मला आत घेतलं ते बाळंतपणाच्या टेबलाशी. टेबलावरच्या मेणकापडावर आधीच्या बाईचं रक्त सुकून चिकटलं होतं. तिथं साफसफाई करणारी म्हातारी आया होती. तिनं विचारलं, "बाई, कपाटातली फिनेलची बाटली काढू?"

"ती आतल्या खोलीची आहे," नर्सबाई म्हणाली. "हिला कशाला? पाण्यानं पूस."

आतल्या खोलीत सावकाराची सून होती.

आयानं ओलं फडकं फिरवलं. रक्त गेलं नाही, पसरलं. मी त्यावर झोपले. मुलगा झाला, माझा झील. नाळ कापताना कात्री हातातून सुटून जमिनीवर पडली. नर्सबाईनं ती उचलली, कमरेच्या फडक्याला पुसली आणि त्याच कात्रीनं कापलं. मी बघितलं. दमले होते, पण डोळे उघडे होते माझे.

त्या मुलाचं बारसं झालं नाही. आधी दूध ओढेना. मग जबडाच उघडेना. अंग ताठ, धनुष्यासारखं वाकलेलं. मी ओली बाळंतीण त्याला घेऊन दवाखान्याकडे धावले. डॉक्टरांनी हात न लावता बघितलं.

"धनुर्वात. नाळ कशानं कापलीत? कोयत्यानं?"

"हयच कापली," मी म्हटलं. "तुमच्या कात्रेन."

"आमच्याकडे असं होत नाही. तुमच्या घरात मासळी, घाण. मुलं जगणार कशी?"

मुलगा माझ्या मांडीवर गेला. पुढं सावकाराकडे बारसं झालं. सासू मासळीची पाटी घेऊन गेली होती, तिच्याही हातावर त्यांनी पेढा ठेवला. तिनं तो घरी आणला. कुणी खाल्ला नाही.

सगळ्यात वाईट काय झालं सांगू? मला ते खरं वाटलं. घाण आमच्यात आहे. मासळीत आहे, हातांत आहे, घरात आहे. मी जमीन सारवत सुटले. हात राखेनं घासून सोलवटले. माझा घोव म्हणायचा, "बस झाला गो." मला बस वाटायचं नाही.

मग नणंदेचं निमित्त झालं. ती वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात होती. काजूच्या चिकानं तिचे हात भाजले आणि पिकले. तिथल्या दवाखान्यात मी तिच्या सोबतीला राहिले. पहिल्या दिवशी दारात थांबून मी पाय पुढे केले. तिथली नर्स बघतच राहिली. म्हणाली, "अहो, पायपुसण्याला पुसा आणि या आत."

आत मी रोज बघत बसायचे. एक माणूस टेबलावरून उतरला की टेबल धुवायचे, मगच दुसऱ्याला घ्यायचे. फिनेल घातलं की पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. कात्र्या, चिमटे उकळायचे. नणंदेच्या आधी एक वकील होता, नंतर एक हमाल. सगळ्यांना तेच पाणी. तिथे माणसांना धूत नव्हते. टेबल धूत होते.

हे उमगलं त्या दिवशी मी तिथल्या दवाखान्यामागच्या विहिरीपाशी बसून रडले. मुलगा गेला तेव्हा रडले होते त्याहून जास्त. कारण आता मला कळलं होतं तो कशानं गेला.

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी गोव्यात पोर्तुगीज होते. दुसऱ्या वेळी ते गेले होते. आमच्या दवाखान्यात नर्सबाई मात्र तीच. सुईण माझं पोट चाचपून म्हणाली, "पोर पायाळू आसा. माझ्यान होवचा नाय." वेंगुर्ल्याला जायचं ठरवलं. तरी मी आधीच कट्टा गावच्या बाजारात जाऊन फिनेल घेऊन ठेवायचं ठरवलं. वेळ सांगून येत नाही.

दुकानदार म्हणाला, "फिनेल? गाबतिणीक फिनेल कित्याक? होडी धुतंस?"

त्यानं पत्र्याच्या डब्यातलं सुटं फिनेल पुढे केलं. मी करवंटीत पाणी मागितलं आणि त्यात थोडं ओतलं. पाणी पाण्यासारखंच राहिलं. वर तेलाचा तवंग.

"ह्या नको," मी म्हटलं. "सीलबंद बाटली दी."

"दवाखानो ह्याच नेता. आणि तुका चलना नाय?"

आपण काय बोललो ते त्याला कळलंच नाही. मला कळलं: दवाखान्यात आमच्या पायांवर ओततात ते हेच. मी बाटली घेतली.

वेंगुर्ल्याला जाणं झालंच नाही. कळा आधी आल्या. पुन्हा तीच पायरी. नर्सबाई डबा घेऊन बाहेर आली. मी पाय मागे घेतले आणि बाटली तिच्यासमोर धरली.

"माझ्या पायांर ओतू नकात. टेबलार ओता. ह्या हाडलंय."

"तू मला शिकवणार? गाबतीण तू!"

"होय, गाबतीण. टेबल धुवा. कात्री उकळा. मगे मी येतंय."

डॉक्टर बाहेर आले. ऐकलं. म्हणाले, "एवढा माज असेल तर घरी बाळंत हो. काढा हिला बाहेर."

"घराक जावचंय नाय. हय पायरेर बाळंत होतलंय. बाजारचो दिवस आसा. सगळ्यांनी बघूदे."

मी खाली बसले. रस्त्यावरची माणसं थांबायला लागली होती. सासू काय करते ते बघायचं मला धाडस होत नव्हतं. ती माझ्या शेजारी येऊन बसली. डॉक्टरांना म्हणाली, "माझो नातू तुमी खाल्लास. आता मी पण हयसून उठूचंय नाय."

कळ आली. मोठी. मी पदर तोंडात कोंबला. पोर उलटं आहे, अडकलं तर? माझ्या हट्टानं हेही गेलं तर? हे सगळं मनात आलं. उठले नाही.

डॉक्टरांनी रस्त्याकडे बघितलं. गर्दी वाढत होती. मग नर्सबाईकडे न बघता म्हणाले, "धू ते."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले आणि सगळं बघितलं. मेणकापड काढलं, माझ्या बाटलीतल्या फिनेलनं धुतलं. स्टोव्हवर कात्री उकळली. डॉक्टरांनी हात कोपरापर्यंत धुतले. मगच मी वर चढले.

चेडू झालं, मुलगी. आधी निळं, गप्प. मग रडलं. जगलं.

घरी निघताना डॉक्टर म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"नाय," मी म्हटलं. "माझो झील खंय आसा?"

त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.

त्यानंतर डॉक्टरांच्या घरी आमची मासळी बंद झाली. सावकाराकडेही. भांडखोर म्हणून माझं नाव झालं. मी पाटी घेऊन लांबच्या वाड्यांत फिरायला लागले. अजून फिरते. पण आमच्या वाडीतली कुठलीही बाई बाळंतपणाला निघाली की पाटी खाली ठेवते आणि तिच्याबरोबर जाते.

परवा शेजारची पोर भीत भीत विचारत होती, "काकी, ते माका आत घेतले मा?"

घेतील. सावकाराच्या सुनेसाठी जसं धुतात तसंच तिच्यासाठी धुतील. मी हात जोडणार नाही. विनंती करणार नाही. धुवा, एवढंच म्हणणार. आणि धुवून होईपर्यंत त्या दारातून हलणार नाही.