तव्यावरचा अँटेना

आमच्या बॉथेल गावाहून कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्यानं घेऊन यलोस्टोनच्या जंगलात जायचा हट्ट माझा होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचे पुण्यात दिवस भरत आले होते आणि सासूबाई गेल्यापासून तिला आईच्या जागी हीच. "तारखेला अजून दोन आठवडे आहेत, आणि मी सिग्नल बूस्टर घेतलाय," असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

वाटेत एका गॅस स्टेशनवरून पुण्याला फोन लावला, तर साडू म्हणाला, "आत्ताच आत नेलंय. तासाभरानं करा."

"तासभर इथंच थांबू या," बायको म्हणाली.

थांबायलाच हवं होतं. पण जवळ बूस्टर होता ना! मी गाडी काढली.

कॅम्पग्राउंडवर पोचलो तेव्हा फोनवर सिग्नलची एकही काडी नव्हती. बूस्टरची डबी डॅशबोर्डवरच्या लायटरच्या भोकात खुपसली, तिची आखूड वायर फोनला जोडली आणि लांब वायरचा अँटेना घेऊन मागच्या शिडीनं टपावर चढलो. अँटेनाच्या बुडाशी लोहचुंबक होतं. कारच्या टपाला ते घट्ट बसायचं. कॅम्परचा टप मात्र फायबरचा! चुंबक धरेना, आणि खाली पत्रा नसल्यानं सिग्नलही येईना. खाली बायकोचा परदेशी फोनच्या कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर दाबून होईपर्यंत फोन टिकायचा आणि रिंग वाजायच्या आत कट व्हायचा.

"परत गॅस स्टेशनवर जाऊ," मी वरून म्हणालो. माझा आवाज पडला होता.

मन रमवायला बायको आत थालीपीठ लावत होती. छताच्या उघड्या झडपेतून तिनं विचारलं, "लोखंडच हवंय ना तुला?" तिनं गॅस बंद केला आणि तव्यावर पाणी मारलं. चर्र आवाज माझ्यापर्यंत आला. मग पुसलेला तवा झडपेतून वर आला.

"गरम आहे, सांभाळ! आणि घासून परत दे."

आमची आठ वर्षांची मुलगी बाहेरून ओरडली, "बाबा, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग!"

खरंच बघत होते. मी तव्यावर अँटेना ठेवला. चुंबक टक्कन बसलं. खालून बायकोनं पुन्हा नंबर दाबले. वायर आखूड, त्यामुळे डॅशबोर्डला कान लावून ती ओणवी झाली असणार. रिंग गेली. मग तिची किंकाळी.

"मुलगी! दोघी छान आहेत!"

थोड्या वेळानं साडूनं मेहुणीच्या हातात फोन दिला असावा, कारण बायको रडत हसत म्हणाली, "कुठे म्हणून काय विचारतेस? तव्याखाली बसलेय गं!"

टपाला उतार होता. सोडला की तवा घसरायचा, म्हणून मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी धरून राहिलो. खाली बहिणींचं बाळाचं नाक, डिंकाचे लाडू, कोण रडलं, कोण नाही, असं सगळं चाललं होतं. मुलीनं वर बघून विचारलं, "बाबा, रोप आणू? टाय करून टाक ना."

दोरी मागच्या कप्प्यात होती. "नको," मी म्हणालो. ऊन डोक्यावर आलं, गुडघे भरून आले, तरी कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत मी खाली उतरलो नाही.