सहा मिनिटांची विचारपूस

दुसरा पूल मागे पडला तरी भाचीचा वेग काही कमी होईना. मावशीला धाप लागली, ओठांतलं नामस्मरणही तुटलं.

"अगं वकीलबाई, पोलीस लागलेत का मागे?"

"लागायलाच हवेत," भाचीने नदीकाठच्या कठड्यावर मूठ आपटली.

ही लहानपणापासून अशीच. बाहुलीचा हात मोडला तरी आधी गुन्हा कबूल करायची, मग भोकाड पसरायची. आता तीन वर्षं एका मोठ्या वकिली कंपनीत होती. तिथे प्रत्येकाने वर्षाला एकोणीसशे तास अशिलांच्या नावे लिहायचे, त्यांचं बिल अशिलांना लावायचं, तेही सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांनी. दोन मिनिटं बोललं तरी सहा लिहायची. जेवण त्यात धरत नाहीत, म्हणून ही फायलीवर वाकूनच डबा संपवायची. एवढं करून यंदा चार तास कमी पडले. ते भरले नाहीत तर घरी बसायचं.

"साहेबांनी माझ्या फोनची यादी मागवली. बेकरीवाल्या आजींच्या चाळीस फोनांवर बोट ठेवलं."

दुकान खाली करा म्हणून जागामालकाने ज्यांच्यामागे धोशा लावला होता, त्या या आजी, हिच्या अशील. हिचा खोकला हटत नव्हता, तर त्या रोज फोन करायच्या.

"म्हटलं, साहेब, त्या फक्त खोकल्याची चौकशी करतात. तर म्हणे, अशिलाचा फोन तो अशिलाचा फोन. चाळीस गुणिले सहा, झाले की चार तास!"

"मेल्याच्या जिभेला..." मावशीने स्वतःचीच जीभ चावली. "आणि तू?"

"मी लिहिले. 'प्रकरणाबाबत चर्चा.' चाळीस वेळा."

"देव बघतो गं सगळं."

"बघू दे. त्याला कुठे टाइमशीट भरायचीय!"

काल आजी त्या फोनांचं बिल भरायला ऑफिसात आल्या होत्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट हात जोडून म्हणाल्या, "चुकलंच माझं, पोरी. तुझा वेळ इतका महाग असेल असं वाटलं नाही. आता नाही हो फोन करत." त्याच दुपारी, तास पूर्ण केले म्हणून, साहेबांनी सगळ्यांना उभं करून हिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबाचा राग, भाचीचा राग, आणि ही नोकरी चार घरी मिरवत फिरलेल्या स्वतःचाही.

"बेकरी या वळणावरच आहे," भाची म्हणाली. "खोटं लिहिलं, हे आजींना सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली. पण तू आत चल, मावशी. मी 'नियमानुसार', 'प्रथेप्रमाणे' असलं काही बरळायला लागले ना, की गिऱ्हाइकांदेखत माझा कान धर."