आमच्या पिकअपला आज गिऱ्हाईक मिळालं

महिनाभर या कम्युनिटीवर मी बोंबलतोय, की आमच्या दुधाच्या पिकअपचं स्टेअरिंग वळणावर जाम होतं. राधानगरीच्या उतारावर दादा दोनदा मरता मरता वाचलाय.

आज एकदाचा कंपनीचा इंजिनिअर आला. मोकळी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून म्हणाला, "मला काही जाणवलं नाही. आणखी कुणाची हीच तक्रार असेल तर लेखी द्या, वर कळवतो."

त्याला थेट डेअरीवर नेलं. तिथं याच मॉडेलच्या पाच गाड्या. पाचही मालक रोज चहाला हेच रडगाणं गातात. पण कागद पुढं केला तसे सगळे गार.

"आमच्या गाडीला काय न्हाय."

इंजिनिअर गेल्यावर त्यातले सदामामा हळूच म्हणाले, "लेका, सही केली तर उद्या गाडी घेणार कोण? मला बी इकायची हाय की."

मी त्यांना नको नको ते बोललो.

घरी आलो तर दारात शाहूवाडीचे नवरा-बायको. दादानं मला न विचारता आमची गाडी विकायला काढलेली. बाईंच्या पिशवीत हार-नारळसुद्धा होता.

त्या माणसानं मलाच विचारलं, "पावणं, घाटात बरी चालती न्हवं?"

दादा माझ्याकडं बघत होता. मी टायरकडं बघत म्हणालो, "व्हय."

बाईंनी तिथंच चाकापुढं नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला.

तुमच्यापैकी कुणी जुनी पिकअप घेतली असेल तर आठवून सांगा. विकणारा बोलताना तुमच्याकडं बघत होता का?