बारा चॅनेलचा मिक्सर आणि अण्णांचे अभंग

एप्रिल महिन्यात सोलापुरात दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, भिंतींवर चादरी टांगून बसलेलं कुटुंब त्या दिवशी आमचं एकच होतं.

कारण गंभीर होतं. माझे वडील, अण्णा, वैराग गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं अभंग गात आलेले. त्यांच्या गळ्याला गाठ झाली आणि ऑपरेशन दोन दिवसांवर आलं. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे, पण आवाज थोडा बदलू शकतो." मी तिथंच ठरवलं, अण्णांचा आवाज रेकॉर्ड करायचा! घरातच स्टुडिओ उभारायचा! (स्टुडिओ म्हणजे मागची खोली. तिथली गव्हाची कोठी मी एकट्यानं हलवली. कंबर अजून आठवण काढते.)

माईक मेहुण्यानं दिले. राहिला मिक्सर, म्हणजे प्रत्येक माईकचा आवाज कमी-जास्त करायचं यंत्र. यूट्यूबवर चौदा व्हिडिओ पाहून मी दुकानात गेलो. मालकीणबाईंनी विचारलं, "माईक किती लावणार?"

"दोन. एक वडिलांना, एक मला. मी निवेदन करणार."

"मग ह्यो दोन चॅनेलचा घ्या की. स्वस्त हाय, सोपा हाय."

तो मिक्सर जेवणाच्या डब्याएवढा! चाळीस वर्षांचं गाणं त्यात मावणार कसं? शेजारी बारा चॅनेलचा होता, जुना, म्हणून तेवढ्याच किमतीत. नुसती बटणंच बटणं!

"हा द्या."

"सायेब, झेपंल का?"

"मॅडम, मी चौदा व्हिडिओ बघितलेत!"

बाईंनी बिल फाडलं.

घरी आल्यावर बायकोनं, सुनंदानं, विचारलं, "अहो, एवढी बटणं कशाला?"

"लागतात!"

"कुठलं कशाचं?"

"हळूहळू कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माईकसमोर बसले. पहिला अभंग सुरू झाला आणि शेजारच्या कुकरनं शिट्टी दिली. पुन्हा पहिल्यापासून! मग भंगारवाला ओरडत आला. पुन्हा! मग सुनंदा शिंकली. (तिच्याकडं मी असं पाहिलं की, तिनं त्याचा सूड रात्रीच्या आमटीवर उगवला.)

"आरं सुरेशा," अण्णा घाम पुसत म्हणाले, "ऑपरेशन उद्या हाय. आजच उरकतोस का काय?"

मी हटलो नाही. अण्णांच्या चॅनेलवर लाल दिवा झळकत होता. लाल दिवा म्हणजे रेकॉर्डिंग चालू, हे शेंबड्या पोरालाही कळतं! हेडफोनमध्ये आवाजही खणखणीत येत होता. (कुणाचा, ते नंतर कळलं.) दोन तासांत बारा अभंग झाले. अण्णांचा सदरा पिळून काढण्यासारखा झाला, आवाज बसला, पण मी जिंकलो होतो.

दुपारी सगळ्यांना बसवून रेकॉर्डिंग लावलं. आधी माझं निवेदन. मग कुठूनतरी आडातून आल्यासारखी अण्णांची गुणगुण. आणि त्यावर मी! "वा! व्वा अण्णा! क्या बात है!" पुढं तर मी अण्णांच्या मागं मागं गायलोही होतो. सुरापासून अंतर राखून. बाराही अभंग!

सुनंदानं दुकानात फोन लावला. बाई म्हणाल्या, "लाल दिवा लागलाय न्हवं? मग त्यो माईक बंद हाय."

अण्णांच्या तोंडून धड शब्द फुटेना आणि सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. तरी मी म्हणालो, "अण्णा, पुन्हा करू!"

"आता तुम्ही काही करू नका," सुनंदा म्हणाली. तिनं अण्णांना हळदीचं दूध दिलं, माझा मिक्सर रिक्षात घातला आणि बदलून तो डब्याएवढा घेऊन आली.

पहाटे अण्णांचा गळा मोकळा झाला. सुनंदानं एक बटण दाबलं. मला दाराबाहेर उभं केलं होतं. आत अण्णांनी सलग तीन अभंग म्हटले. कुकर नाही, भंगारवाला नाही, मी नाही. बाहेर उभ्या उभ्या माझे डोळे मात्र भरून आले.

ऑपरेशन छान झालं. आवाजही तस्साच राहिला. पण तिसऱ्या दिवशी माझ्या बहिणीनं दवाखान्यात गंमत म्हणून पहिलं रेकॉर्डिंग लावलं. माझा सूर ऐकून अण्णा असे हसायला लागले की, नर्स धावत आली. डॉक्टरांनी टाके तपासले, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पथ्याच्या कागदावर लिहिलं: 'तिखट, थंड आणि मुलाचं गाणं, पंधरा दिवस पूर्ण बंद.'