सुतकात चालणारी गोळी

बाबा गेल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी आमच्या ओसरीवर एकच प्रश्न उरला होता: आई काही खाणार की नाही. बाबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्यापुरतं ते सोयीचं झालं. आईने मात्र तेव्हापासून पाण्याखेरीज काही घशाखाली जाऊ दिलं नव्हतं. शेजारणी पेज आणून द्यायच्या, आत्याही करायची. आई वाटी हातात घ्यायची, बघत बसायची आणि पेज निवली की ती कुत्र्याला मिळायची. त्या सुतकात आमचं कुत्रं चांगलंच सुधारलं.

घराचा ताबा आत्याकडे होता. ही बाबांची थोरली बहीण. पहिल्याच दिवशी बाजारकुणंगहून आली आणि पायही न धुता काय चालतं, काय चालत नाही, ते सांगू लागली. फोडणी चालत नाही. गादी चालत नाही. गोड तर तेराव्यापर्यंत नावालाही चालत नाही. मी शिकलेला, खानापूरला ग्रंथालयात काम करणारा, म्हणून तिने मला गरुडपुराण वाचायला बसवलं. कोणत्या पापाला कोणता नरक, हे मी तीन दिवस खालच्या आवाजात वाचत होतो. ऐकायला आलेली माणसं अधूनमधून एकमेकांकडे बघायची. प्रत्येकाला दुसऱ्याचं काही ना काही आठवत असावं.

त्या दुपारी आत्याने पेजेचे तांदूळ काढायला कणगीत हात घातला, तर हाताला पत्र्याचा डबा लागला. काळा-पांढरा, झाकणावर पत्त्यातल्या चौकटसारखी खूण.

"ह्योच त्यो डबा," आई म्हणाली. पाच दिवसांत ती आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

डबा माझ्या बहिणीने पाठवलेला. तिचा नवरा फिनलंडमध्ये नोकरीला आहे, लग्नानंतर तीही तिकडेच गेली. गेल्या वर्षी गावाकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी तिने तिकडच्या नावाजलेल्या गोळ्या धाडल्या. बाबांनी एक तोंडात टाकली, डोळे मिटले. मग झाकण लावून डबा घेऊन आत गेले. त्यानंतर तो कुणाच्या नजरेस पडला नाही. वरच्या खडकावर रेंज मिळते, तिथे उभं राहून ते बहिणीला सांगायचे, "लई बेस हायत गोळ्या. रोज एक खातो."

"खाल्लेल्या पानातलं अर्धं पान द्यायचा मला त्यो मानूस," आई म्हणाली. "ही गोळी तेवढी दिली न्हाई. द्या बघू हिकडं."

आत्याने डबा पाठीमागे नेला. "वैनी, सुतक हाय. गोड न्हाई चालत."

"वन्सं, द्या म्हनते ना."

"भाऊ माझा गेलाय. तेराव्याच्या आदी ह्या घरात कुनी तोंड गोड करनार न्हाई."

आई पाच दिवसांनी काहीतरी मागत होती आणि आत्या शास्त्र घेऊन मध्ये उभी होती. मी उठलो, आत्याच्या हातून डबा घेतला आणि उघडला. वरच बहिणीची दोन पानी चिठ्ठी होती. बाबांची एक खोड होती. ज्याचं कूळ माहीत नाही, ते बाबा खात नसत. परक्या दुकानातल्या लोणच्याचीही चौकशी करायचे. बहिणीला ते ठाऊक होतं, म्हणून तिने गोळीचा सगळा इतिहास लिहून पाठवला होता.

"गोड आहे की नाही ते ह्यात असेल," मी म्हणालो. पोथी बाजूला ठेवली आणि चिठ्ठी वाचू लागलो. आवाज पोथीचाच लागला. तीन दिवसांनंतर माझ्याकडे दुसरा उरलाच नव्हता.

बहिणीने लिहिलं होतं की ही गोळी औषधाच्या दुकानात जन्मली. नद्या गोठतात अशी थंडी, तिथे माणसाचा घसा कशाला शाबूत राहतोय. तिथले औषधवाले ज्येष्ठमधाचा काळा अर्क खोकल्यावर द्यायचे. पुढे कुणीतरी त्यात नवसागर घातला. कफ किती सुटला ते देव जाणे, पण लोकांना चटक लागली. ठणठणीत माणसं खोटं खोटं खोकत दुकानाच्या पायऱ्या चढू लागली. मग गोळी औषधवाल्यांच्या हातून कारखान्यात गेली. तिला डबा मिळाला, चौकटची खूण मिळाली. यंत्रं नवी आली, डब्याचं रूप मात्र जुनंच ठेवावं लागलं, नाहीतर गिऱ्हाईक रुसतं. परदेशी गेलेली तिकडची माणसं आईच्या आधी या गोळीची आठवण काढतात, असं लिहून बहिणीने पुढे 'मी तशी नाही' असंही लिहिलं होतं.

वाचन चालू असताना नंदिगड्डेचे एक म्हातारे मामा समाचाराला आले. मला वाचताना पाहून त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि डोळे मिटून बसले. नवसागर म्हणताच त्यांनी डोळे उघडले.

"नवसागर? दारूच्या भट्टीत घालत्यात त्यो?"

"कल्हईला लावत्यात त्यो," आत्या म्हणाली. "तुमास्नी भट्टीच आटवायची."

"म्हंजे यमाच्या गावात नवसागर बी चारत्यात?" मामांचा चेहरा उतरला.

"मामा, ही फिनलंडची हकिकत आहे."

"असंल. किती नरक हायत, आपल्याला काय ठावं," मामा म्हणाले आणि पुन्हा हात जोडले.

आत्या माझ्याकडे वळली. "मंजे गोळी खारट हाय?"

"मीठ, ज्येष्ठमध आणि नवसागर."

थोडी साखरही असते, असं पुढच्या ओळीत होतं. ती ओळ मी गिळली.

आत्याने विचार केला. "औशदच म्हनायचं. चालंल."

आईने एक काळी गोळी जिभेवर ठेवली. आधी तिच्या भुवया वर गेल्या, मग नाक आक्रसलं, मग सगळा चेहराच एका बाजूला गेला. तरी तिने दम धरला. शेवटी अंगणात जाऊन थुंकली. कुत्रं धावत आलं, हुंगलं आणि मागे सरकलं.

"ह्ये?" आई म्हणाली. "ह्ये लपीवलं व्हतं? आन् मी वरीसभर टोमनं मारत बसले?"

आत्याने डब्यात वाकून पाहिलं. "भरल्यालाच हाय की ग. एक-दोन गेल्या असतील."

"खाल्ल्याच न्हाईत त्येनी." आई पायरीवर बसली. "लेकीला वाईट वाटंल म्हनून खोटं बोलत ऱ्हायलं. आन् मला दिली असती तर मी तवाच फोनवर बोलले असते तिला. माझं त्वांड ठावं व्हतं त्यास्नी."

ती हसू लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. अर्ध्यात ते हसणं रडणं झालं. नवऱ्याला जाऊन पाच दिवस झालेली बाई हसते म्हणून आत्याने डोळे वटारले होते, रडू लागल्यावर मात्र तेच पदराने पुसले. मामांनी पोथी ऐकून रडू येतं अशा समजुतीने मान डोलावली.

आईने चूळ भरली. पुन्हा भरली. "जाईना झालंय तोंडातनं. आना काय असंल ते."

मी सकाळची पेजेची वाटी पुढे केली. तिने एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. मग दुसरा. मी वाटीकडे बघत होतो. वाटी निम्मी झाली तशी तिने ती खाली ठेवली.

"वन्सं, पेज आळनी हाय."

"आत्ता तर मिठानं त्वांड वाकडं झालंतं तुझं!"

"ती फिनलंडची गोष्ट. पाच दिस असलीच पेज केली व्हय तुमी? कशी जायची घशाखाली?"

"घ्या! उपाशी ही ऱ्हानार आन् खोट माझ्या हाताला!"

"मग? तुमच्या भावाला बी कदी आवडली न्हाई तुमच्या हातची पेज."

"त्येनं म्हनलं तसं?"

"धा येळा."

आत्याने रागाने मिठाचा डबा उघडला, चिमूटभर मीठ टाकलं, पातेल्यातल्या पेजेने वाटी काठोकाठ भरली आणि आईपुढे आदळली. थोडी पेज जमिनीवर सांडली. आई वाटी दोन्ही हातांत धरून पीत राहिली आणि मधे थांबून म्हणाली, "पातळ बी झालीया."