सगळ्या बाह्या डाव्याच

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने मास्तरांना हार घातला, घड्याळ दिलं आणि "आता आराम करा" म्हणून सांगितलं. हे आराम नावाचं प्रकरण कुणी शोधून काढलं कोण जाणे! चाळीस वर्षं कापड कापलेल्या माणसाने दिवसभर करायचं काय? घर खायला उठायचं. आठ महिन्यांत मास्तरांची पार रया गेली. अंघोळीचा कंटाळा, जेवणावर वासना नाही, चारदा विचारावं तेव्हा एकदा "हूं". डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि काहीतरी काम बघा म्हणाले. मग बायकोने त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकाला गाठलं. त्याचं आता शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. मास्तर तिथे कटिंगला जायला लागले आणि दोन घास जास्त जेवायलाही लागले.

तर परवाची गोष्ट. बाहीचा कागदी नमुना कापडावर एकदा सुलटा ठेवायचा, एकदा उलटा. म्हणजे एक डावी होते, एक उजवी. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मास्तरांनी तो उलटवलाच नाही. चाळीस शर्टांच्या ऐंशी बाह्या, सगळ्या डाव्या. आता बोला! शिवणाऱ्या बाईने दोन बाह्या एकीवर एक ठेवून पाहिल्या आणि मास्तरांसमोर आणून ठेवल्या. गेल्याच महिन्यात कॉलर चुकली होती, ती मालकाने हसून सोडून दिली होती.

मालक आला. ओरडला असता तर बरं झालं असतं मेला! तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, दमलात तुम्ही. आता घरी आराम करा."

"दमलोय रे, खरंच दमलोय," मास्तर म्हणाले. "डोळे दमलेत, डोकं दमलंय. कात्री नको देऊस. दोरे कापायला बसव, बटणं लावतो."

"काहीतरीच काय! तुम्ही मला कात्री धरायला शिकवलीत आणि मी तुम्हाला बटणं लावायला बसवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू देत." मास्तरांनी कात्री त्याच्यापुढे सरकवली. "घरी बसलो की जीव द्यावासा वाटतो मला."

हे त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. शिवणाऱ्या बाईचं मशीन थांबलं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण शब्द निघून गेला होता.

मालकाने स्टूल ओढलं आणि शेजारी बसला.

"काकूंना माहितीय हे?"

"नाही."

"मग उठा. आधी घरी जाऊन त्यांना सांगू, मी येतो बरोबर. तिथून डॉक्टरांकडे जाऊ." त्याने नाक पुसलं. "आणि उद्या दहाला या. बटणं लावायची खूप पडलीत."